कुंकवाचा घेवडा

रत्ना : ‘आखितीच्या गं दिशी, लेकीची बाई वाट, बी न्हाई उघडीत, राखंमधली गं गाठ.’ कुणाची ओवी हाय ही? सांग की. अशी मान खाली घालून उभी राहू नकोस, शिवानी. परकर नेसून ह्या मागल्या दारात बसायची मी, तवापासनं कानात हाय माझ्या. आई खुरप्यानं आळं उकरायची, माझं बोट धरून बी भुईत दाबायची आन् हे म्हणायची. ह्या घरात आखितीचं पहिलं बी लेकीच्या बोटानं जातं. आन् तू उजाडायच्या आत सगळी आळी भरून मोकळी!

शिवानी : उन्हाच्या आत उरकलं, वन्सं. बी भाजलं असतं.

रत्ना : बी भाजतंय! आईच्या येळंला सूर्य दुसरा व्हता का गं? मी दुपारी आले तरी थांबायची ती. ओल्या फडक्यात बी झाकून उंबऱ्यावर बसायची. जेवायची सुद्धा न्हाई.

गोरख : आक्का, आधी घोटभर पाणी तरी घे. विंझरवरनं नसरापूर, तिथनं भोर, भोरवरनं आंबवड्याला वडापमधी मेंढरावानी कोंबून आलीयास. जरा पाठ टेक.

रत्ना : मला नको पाणी. आन् तू मधी बोलू नकोस, गोरख. आई जाऊन वरीस झालं न्हाई. तिची ही पहिली आखिती. आत पाण्याच्या कऱ्यावर तिच्या नावानं आंबा ठेवलायसा, आन् मागल्या दारी तिचं परडं परक्यानं पेरल्यावानी पेरून ठिवलंय. बघितलंस का डोळं उघडून? आळ्याआळ्यात काठी, आन् काठीला दुकानातलं पाकीट! दोडक्याचा फोटो, वांग्याचा फोटो, झेंडूचा फोटो. परडं हाय का सरपंचाच्या वाढदिसाचा चौक?

गोरख : म्याच आणली पाकिटं भोरवरनं. ही म्हणली, फोटो मोठा असंल ते बघून आणा.

रत्ना : फोटो मोठा! ऐक, आई, ऐक. तुझ्या परड्यात आता फोटो बघून भाजी यायची.

शिवानी : वळखायला लावलेत. काय कुठं पेरलं ते कळायला.

रत्ना : आईला कधी पाटी लागली गं? अंधारात गेली तरी तिच्या पायाला ठाव असायचं, हितं दोडका, हितं पडवळ, हितं झेंडू.

शिवानी : मला लागते पाटी. मी आत्या न्हाई.

रत्ना : न्हाईसच. नक्कल तेवढी केलीयास झोकात. न्हाणीच्या पाण्यावर अळू, त्याच्या शेजारी गवती चहा. उंबऱ्याजवळ ओवा. वांग्यांच्या मधनं झेंडू. आळी सगळी तिच्याच जाग्याला.

शिवानी : वांग्यात झेंडू असला की कीड कमी पडते. आत्याच सांगायच्या.

रत्ना : माझी आई मला नको शिकवूस! मला फकस्त एवढं सांग, घरचं बी कुठं गेलं? चुलीवर शिंकं टांगलेलं असायचं. त्यात आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या, आन् चिंधी-चिंधीत राख घालून बांधलेलं बी. ते शिंकं मोकळं हाय. आत्ताच बघून आले.

शिवानी : किडलं. फेकून दिलं.

रत्ना : राखंतलं बी किडतंय? धुरावर टांगलेलं? अगं, आईच्या आईपासनंचं बी ते, कधी किडलं न्हाई, आन् तुझ्या हाती येऊन चार महिन्यांत किडलं? बरं, दोडका किडला. गवार किडली. कुंकवाचा घेवडा कुठाय?

शिवानी : वन्सं, जेवून घ्या. पुरणपोळी...

रत्ना : घेवडा कुठाय? पांढरं बी, डोळ्यापाशी तांबडा टिपका. जशी काय एखाद्या सवाशिणीनं कुंकवाचं बोट टेकलंय. भोरच्या बाजारात हुडकून दाव मला, नसरापूरच्या बाजारात दाव. त्यो पाकिटात मिळत न्हाई. त्याचा फोटो कुठाय? त्याची काठी कुठाय?

शिवानी : त्याला काठी न्हाई लावली.

रत्ना : म्हंजे लावलाच न्हाई! संपवलास. उंदराला घातलास, न्हाईतर उसळ केलीस.

गोरख : उसळ न्हाई केली, आक्का. केली असती तर माझ्या ताटात आली असती की.

रत्ना : तुला ताटाबिगर काय दिसतंय का रं? आईचं बी गेलं ह्या घरातनं, आन् तू उसळीचा हिशेब सांगतोयस!

गोरख : मी आपलं जे झालं न्हाई ते सांगतोय.

रत्ना : किती येळा मागितलं म्या आईकडं. म्हणलं, आई, मूठभर घेवडा दे, विंझरला माझ्या दारात लावते. काय म्हणायची? तुला बी दिलं तर आखितीला कशाला येशील? साऱ्या मुलखाला वाटलं तिनं. माझ्या शेजारच्या गीताबाईला सुद्धा दिलं, ती माझ्या डोळ्यापुढं तोडते आईचा घेवडा. पण मला न्हाई. माझं बी हितं व्हतं, ह्या घरात, तुझ्या राखणीत. राखलंस?

शिवानी : न्हाई राखता आलं.

रत्ना : बघ कशी बोलती! ‘न्हाई राखता आलं.’ जसं काय दूध उतू गेलं! आन् गीताबाईवरनं आठवलं. तू मागल्या महिन्यात विंझरला आली व्हतीस का न्हाई? न्हाई म्हणू नकोस. माझ्या पिंकीनं बघितलं तुला.

शिवानी : आले होते.

गोरख : कवा? मला न्हाई बोललीस.

रत्ना : बघ, दादल्यालाही पत्ता न्हाई! गीताबाईच्या वसरीवर बसून चहा प्याली, आन् माझ्या दारावरनं सरळ एसटीला गेली. सख्ख्या नणंदेच्या दारावरनं! पाण्याला सुद्धा थांबली न्हाई. गीताबाईला इचारलं तर ती म्हणती, सहज आली व्हती. सहज! आंबवड्यावरनं विंझरला सहज कोण येतंय गं? तीन गाड्या बदलाव्या लागत्यात.

शिवानी : काम होतं.

रत्ना : माझ्या शेजारणीकडं काम, आन् माझ्या तोंडाची शिसारी. आई गेली, आता ही कशाला हवी, असंच ना? लेकीचं बोट नको, लेकीची वाट नको. आधी बी संपवायचं, मग पेरणी उरकायची, मग एक दिस म्हणायचं, वन्सं, आखितीला कशाला दगदग करता.

शिवानी : मी असं म्हणलं नाही.

रत्ना : म्हणायला कशाला लागतंय? काठ्या बोलत्यात तुझ्या.

शिवानी : बरं. मग मीपण बोलते. रोज ऐकतेय त्या ओव्या, आत्या होत्या तवापासनं. आखितीला लेक आली, लेकीचं बोट लागलं, लेकीच्या हातानं वेल मांडवाला गेला. पाणी कुणी घातलं, ते कुठल्या ओवीत हाय?

गोरख : शिवानी...

शिवानी : थांबा तुमी. वैशाखात आड आटतो. हापशावरनं कळशी आणते मी, त्यातली अर्धी ह्या वेलांना. घरात भांडी तशीच ठेवून वेलांना. माकडं येतात, ती मी हाकलते. मांडव मोडतो, तो मी बांधते. तुमी वर्सातनं एक दिवस येता, एक बोट मातीत घालता आणि जाता. श्रावणात परत येता. कोवळे दोडके तुमच्या पिशवीत, जून झालेले माझ्या कालवणात.

रत्ना : आई भरायची पिशवी! म्या मागितले न्हाईत कधी!

शिवानी : नको पण म्हणला नाहीत.

रत्ना : दोडकं मोजलंस व्हय गं माझं? आईनं दिलेलं दोडकं मोजलंस? गोरख, ऐकतोयस का बायकूचं?

गोरख : दोघींचं ऐकतोय. गाडी दोन्ही बाजूनं लोड झालीय, मी कुठल्या अंगाला बसू?

रत्ना : तू बस तिच्याच अंगाला, बसतोयसच की. पण एक ध्यानात ठेव, शिवानी. पाणी घातलंस, माकडं हाकललीस, समदं खरं. पण माझ्या आईची शेवटची सेवा म्या केली. दहाव्याला तिचं अंथरूण ह्या हातांनी गोळा केलं. लुगडी, वाकळ, उशाचं गाठोडं, समदं. बायका म्हणत व्हत्या, हातरुणात जीव अडकतो, चिंधूक सुद्धा मागं ठेवू नका. कुणी पुढं झालं न्हाई. तू तवा चुलीपाशी व्हतीस.

शिवानी : होय. चुलीपाशी होते.

रत्ना : लेकीनं केलं ते. सुनंनं न्हाई.

गोरख : आन् वाहिलं म्या. नदीपत्तोर खांदा भरून आला व्हता. दोन लुगडी आन् एक वाकळ, पण असं जड, जसं काय...

शिवानी : तुमी आत जा. कऱ्यापाशी दिवा विझला असंल.

गोरख : न्हाई विझला, आत्ताच बघितला. मी सांगत व्हतो, टेम्पोत गोणी चढवणारा माणूस मी, मला वजन कळतंय...

रत्ना : तुला समदंच जड. आई पण जड झाली व्हती तुमाला.

गोरख : आक्का, हे मातूर तू जास्त बोललीस.

रत्ना : बोलले. आन् अजून बोलणार. हे परडं माझ्या आईचं. ह्यात दुकानाचं बी नको. तुला फोटोचा बाग करायचा असंल ना शिवानी, तर तुझ्या माहेरात जाऊन कर की!

गोरख : आक्का!

रत्ना : काय आक्का?

गोरख : तिचं गुंजवण्याचं घर धरणात गेलं, हे काय तुला ठाव न्हाई? तिच्या लग्नात त्याच परड्यात तुझी पंगत बसली व्हती. शेवंती तोडून केसात घातलीस त्यांच्या दारची. आन् आज असं बोलतीयास?

रत्ना : धरणात गेलं ते म्या घातलं का?

शिवानी : असू द्या. बोलू द्या त्यांना. राग आलाय तर बोलू द्या.

रत्ना : दया नको करूस माझ्यावर! अशी गार बोलू नकोस! भांड की, शिवी दे, पण अशी देवळातल्या दगडावानी उभी राहू नकोस. कुठाय खुरपं? दे हिकडं.

शिवानी : खुरपं कशाला?

रत्ना : उपटून काढते समदं. एक आळं ठेवत न्हाई. मोकळं परडं बघून जाईन, पण हे पाकिटाचं बी माझ्या आईच्या भुईत ऱ्हाणार न्हाई.

शिवानी : वन्सं, हात नका लावू.

रत्ना : सोड मनगट.

शिवानी : पाया पडते. मला काय बोलायचं ते बोला. आळ्याला हात नका लावू.

रत्ना : एवढा जीव पाकिटाच्या बियावर? सोड म्हणते ना! गोरख, हिला धर, न्हाईतर खुरपं लागंल.

गोरख : अगं, आखितीच्या दिशी रगत काढताय का दोघी? आक्का, ऊठ तिथनं. आक्का!

रत्ना : ह्ये बघ, ह्ये पहिलं. काठी न्हाई ह्याला, ह्येच उकरते आधी. काय पुरलंयस हितं, मोकळ्या जाग्यात? ...काय हाय हे?

(खुरपं थांबतं. रत्ना मातीतलं बी तळहातावर घेऊन अंगठ्यानं पुसते.)

गोरख : काय घावलं? विंचू हाय का?

रत्ना : पाकिटाचं बी लालगुलाबी असतंय. औषध लावलेलं. हे पांढरं हाय. राख लागलीय ह्याला. आन् डोळ्यापाशी...

गोरख : बघू. अरं, ह्यो तर कुंकवाचा घेवडा!

रत्ना : म्हंजे बी हाय. बी हाय घरात! आन् मला म्हणती, किडलं! मला म्हणती, फेकलं! लपवलंस तू. माझ्यापासनं लपवलंस, आन् चोरावानी पहाटं उठून एकटीनं पेरलंस. वरनं पाकिटं लावलीस, मला कळू नये म्हणून! मी एवढा येळ समजत व्हते, तुला अक्कल न्हाई. तुला अक्कल लई हाय. तुला माझं बोटच नको व्हतं!

शिवानी : बी मुठीत धरा. उन्हात असं नका धरू.

रत्ना : बियाचं सांगू नकोस! दुसऱ्या आळ्यात काय हाय? ह्या दोडक्याच्या फोटोखाली?

शिवानी : आत्यांचाच दोडका. तिकडं आत्यांची गवार. झेंडूपण त्यांचाच. पाकिटातलं एकही बी ह्या परड्यात नाही. ते सगळं डब्यात पडून हाय, मागल्या फळीवर. बघा जाऊन.

गोरख : मग मला भोरला कशाला पिटाळलंस?

शिवानी : फोटोसाठी. दुकानाचं बी दिसलं की वन्सं मला बोलतील, पण जुन्या गाठी हुडकत बसणार नाहीत, असं वाटलं.

रत्ना : कबूल झाली! तोंडानं कबूल झाली! आईचं बी दाबून ठेवलंस तू.

शिवानी : घरातलं नाही ते.

रत्ना : घरातलं न्हाई, मग काय आभाळातनं पडलं?

शिवानी : मागून आणलंय. आत्यांनी ज्यांना-ज्यांना दिलं होतं, त्यांच्या दारात गेले. दोडका सोनबाच्या घरनं. गवार वरच्या वस्तीवरनं. झेंडू भिमाच्या अंगणातला, वाळलेली फुलं दिली त्यानं पोतंभर. ओवा, तुळस, मिळेल ते. घेवडा मात्र कुणाकडं राहिला नव्हता. सगळ्यांनी खाऊन संपवलेला. गीताबाईकडं तेवढा होता.

रत्ना : गीताबाईकडं.

शिवानी : मूठभर दिला. त्याच्यासाठी विंझरला आले होते.

गोरख : घ्या! आन् आक्का म्हणती, चहा प्यायला गेलीस.

रत्ना : तू थांब. मग माझ्या दारावरनं का गेलीस? मला सांगितलं असतंस तर मी सोबत आले असते. गीताबाईचं दार म्या वाजवलं असतं.

शिवानी : तुमी विचारलं असतं, घरचं बी कुठं गेलं.

रत्ना : मग कुठं गेलं घरचं बी?

शिवानी : नका विचारू.

रत्ना : विचारणार! दारोदार पदर पसरून हिंडलीस. पण घरातलं काय केलंस? जाळलंस? पाण्यात पडलं? काय लपवतीयास एवढं?

शिवानी : माझ्या हातनं गेलं म्हणा. झालं.

रत्ना : झालं न्हाई. खोटं बोलताना तुझं नाक फुगतंय, आईच म्हणायची. चल आत. आईच्या कऱ्यावर हात ठेव आन् सांग, तुझ्या हातनं गेलं. चल!

शिवानी : कऱ्यापाशी नका नेऊ मला, वन्सं.

रत्ना : का? भ्या वाटतं?

शिवानी : तिथं खरं सांगावं लागंल.

रत्ना : मग सांग की! आईला भितीस, मला भीत न्हाईस व्हय? सांग, न्हाईतर ही मी निघाले. परत ह्या दारात दिसायची न्हाई. ना आखितीला, ना श्रावणात, ना भाऊबीजंला. गोरख, पिशवी दे माझी.

गोरख : शिवानी, काय असंल ते बोल बाई. ही जाईल खरंच. ही लहानपणी एकदा रुसून गोठ्यात जाऊन बसली तर दुसऱ्या दिशी दुपारी बाहेर आली.

रत्ना : पिशवी!

शिवानी : आत्यांना शेवटी-शेवटी वरचं दिसत नव्हतं. शिंकं दिसायचं नाही. सारखं विचारायच्या, माझं बी हाय का गं जाग्यावर? मी हो म्हणायची, पण त्यांना पटायचं नाही. मग एक दिवस मी सगळ्या गाठी खाली काढल्या. त्यांच्याच जुन्या लुगड्यात बांधल्या आणि त्यांच्या उशाला दिल्या.

रत्ना : उशाला.

शिवानी : त्यावर डोकं ठेवून निजायच्या. झोप नाही आली की हात घालून चाचपायच्या. हा दोडका, ही गवार. घेवड्याची गाठ हाताला लागली की हसायच्या.

रत्ना : ते मळकं गाठोडं. हिरव्या काठाचं.

शिवानी : हं.

गोरख : म्हंजे ते जे मी नदीला...

शिवानी : तुमी गप बसा ओ.

रत्ना : म्या बांधलं ते. वाकळंत गुंडाळून म्या गाठ मारली. आत कायतरी टोचलं हाताला. म्हणलं, आईनं सुपारी-बिपारी ठेवली असंल, असू दे तिच्यासंगट. ...तू का धरला न्हाईस माझा हात? डोळं फुटलं व्हतं तुझं?

शिवानी : मी चुलीपाशी होते. तुमीच म्हणला आत्ता. पन्नास माणसाचं पिठलं होतं. नदीवर आले, तर तुमी माझ्या गळ्यात पडून रडत होता. ह्यांनी गाठोडं पाण्यात सोडलं. कापडं तरंगतात, वन्सं. ते बुडालं. तवा कळलं मला.

गोरख : आन् मी म्हणत व्हतो, जड कसं.

रत्ना : तवा का बोलली न्हाईस?

शिवानी : तुमी माझ्या गळ्यात होता.

रत्ना : मग तेराव्याला बोलायचं. होळीला बोलायचं! आज सकाळधरनं शिव्या खातीयास माझ्या. चोर म्हणाले तुला. तुझं माहेर काढलं म्या. ‘तुमीच केलं ते’, तीन शब्द, तेवढं म्हणायला काय झालं व्हतं? जीभ झडली व्हती? मोठेपणा पाहिजे व्हता तुला! माझं झाकून तू देव व्हणार, आन् मी जल्मभर तुझ्या उपकाराखाली!

शिवानी : देव नाही व्हायचं मला. राग येतो मला तुमचा.

रत्ना : मग झाकलंस कशाला?

शिवानी : सांगितलं असतं तर तुमी परत आला नसता. मला माहीत हाय तुमचा स्वभाव. गोठ्यात जाऊन बसला असता, आणि ह्या खेपंला बाहेर आला नसता.

रत्ना : न्हाई आले असते तर तुला बरंच की. कोवळे दोडके तुझ्या कालवणात. परडं तुझं, बोट तुझं, मांडव तुझा.

शिवानी : ते बी भुईत दाबा आधी. वाळतंय.

रत्ना : दाबते. तू बोल. बरं झालं असतं का न्हाई तुला? खरं सांग. आता तरी काय पोटात ठेवू नकोस.

शिवानी : जळतं माझं. दर आखितीला जळतं. तुमी देवळाच्या वळणावर उतरता, पदर सारखा करता. तिथपासनं तुमची चाल बदलते. पिशवी ह्या हातातनं त्या हातात घेता, दार दिसायच्या आधीच हाका मारता. मी भाकरी टाकून खिडकीत येते आणि बघते. माझ्या दारच्या शेवंतीवरनं आता होडी जाते, वन्सं. माहेरी येणारी बाई कशी चालते, ते मला वर्सातनं एकदा तरी बघायचं असतं.